कांदा बटाट्याच्या शेपटीला लागतो तेव्हा

जुन्नर, आंबेगाव आणि लगतच्या समस्त वाड्या-वस्त्यांवरील नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आकाशातल्या झुंजीत कोणतं लढाऊ विमान सगळ्यांत चांगलं वळतं, हा मंचरच्या कांदा-बटाटा बाजारात गेली कित्येक वर्षं चाललेला खटला आता बेमुदत तहकूब झाला आहे. कारण या खटल्यातले फिर्यादी, आरोपी, दोन्हीकडचे वकील आणि न्यायाधीश ही सगळी पदं एकट्याने सांभाळणारे फुलचंदशेठ वारले. संबंधितांनी नोंद घ्यावी आणि आपापली विमानं जमिनीवर उतरवावीत.

ही घोषणा मी खरं तर त्यांच्या गुणानुवाद सभेत माइकवरून करणार होतो. जैन मंडळींत माणूस गेला की त्याचे गुण आठवण्यासाठी अशी सभा भरते. बोलणं हा माझा धंदाच आहे. यात्रेत बैलगाडा शर्यती लागल्या की घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या सरळ चढाच्या, कडेला मचाणावर बसून माइकवर ओरडणारा जो माणूस असतो, तो मी. गाडा सुटला की ‘भिर्रर्र’ म्हणून डोंगर डोक्यावर घ्यायचा, एवढंच मला येतं. त्यामुळे शेठ गेल्याचा निरोप आला त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाचा, सुनीलचा, फोन आला तेव्हा मला नवल वाटलं नाही. “भाऊ, सभेत तुम्ही दोन शब्द बोला,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “पण विमानांचं नको.” मी विचारलं, का? तर म्हणाला, “महाराजसाहेब येणार आहेत. बहिणीच्या सासरचे येणार आहेत. अख्खं मंचर बाबांना हसायचं, तुम्हाला माहितीये. निदान शेवटच्या दिवशी तरी कुणी हसू नये.”

पोराच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणून मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि विचार करत बसलो, की या माणसातून विमानं वजा केली तर उरतं काय? एक पांढरा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा आणि खिशातली बडीशेप. एवढ्यावर दोन शब्द कसे बोलायचे? मला तर एकच सुचत होता.

आमची ओळख झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी आमचा कांदा घेऊन मंचरला त्यांच्या आडतीवर गेलो होतो. लिलाव चालू होता, गाळ्यात शेतकरी आणि व्यापारी दाटीवाटीनं उभे, आणि मधोमध गोणीवर बसलेले शेठ डाव्या हातात बटाटा आणि उजव्या हातात कांदा धरून ते हवेत फिरवत होते. तोंडानं घूंऽऽ असा आवाज. मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतोय. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, “थांबा पावणं, कांदा बटाट्याच्या शेपटीला लागलाय.” बटाटा म्हणजे एफ-सोळा आणि कांदा म्हणजे मिग एकोणतीस, हे मला पुढं कळलं. त्या वर्षी टीव्हीवर आखातातलं युद्ध दिसलं होतं. सगळ्यांनी बॉम्ब पाहिले. शेठनी वळणं पाहिली. मग पुण्याला गेले की फुटपाथवरून इंग्रजी मासिकं उचलून आणायचे आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ फोडायचे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की विमान किती जोरात जातं हे पेपरवाले सांगतात, पण दोन विमानं एकमेकांच्या मागं लागली की वेगाला कोण विचारतो? जो आत वळतो तो दुसऱ्याच्या मागं येतो, आणि मागं आला तो जिंकला.

आता यातली गंमत अशी, की शेठ स्वतः कांदाही खात नसत आणि बटाटाही खात नसत. जमिनीखालचं काही त्यांच्या ताटात येत नसे. रस्त्यात मुंगळा दिसला तर वळसा घालून जाणारा हा माणूस, आणि डोक्यात रात्रंदिवस लढाऊ विमानं. कुणी टोचलंच तर ठरलेलं उत्तर असे: “मी कांदा इकतो, खातो का? तसंच इमान बघतो, मारतो का?”

त्यांना टोचण्याचं काम मुख्यतः दत्तोबा करत. दत्तोबा म्हणजे आमच्याच गावचे बागायतदार, चार खोंडांचे मालक, घाटातले नामांकित गाडाशौकीन. त्यांचा सगळा विश्वास वेगावर. बैलगाडा घाटात वर पळतो तो बाणासारखा, वळायचा प्रश्नच नाही. घड्याळ लावलं, आकडा आला, विषय संपला. “शेठ, वळण सायकलला लागतं,” ते म्हणायचे, “पळणाऱ्याला न्हाई.” त्यावर शेठ म्हणायचे, “दत्तोबा, तुमच्या बैलाच्या मागं बिबट्या लागू द्या, मग सांगा वळण लागतं का न्हाई.” बाजारातली पोरंसोरं नव्हे, चांगले टोप्या घातलेले लोक या दोघांत वाटले गेले होते. वळणवाले आणि वेगवाले. चहाच्या टपरीवर बाकंसुद्धा वेगळी.

शेवटी एकदा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून ओझरच्या अलीकडे आमचं रान आहे, तिथं कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात हवाई युद्ध झालं. दत्तोबांची बुलेट आणि शेठची लुना. माइकवर अस्मादिक. नियम असा, की जो दुसऱ्याच्या मागच्या चाकामागं येऊन भोंगा वाजवील त्याचा डाव. मी “पाडलं” म्हणायचं ठरवलं होतं, तर शेठनी गाडीवरूनच बोट उगारलं. “पाडलं म्हणायचं न्हाई. ‘धरलं’ म्हणायचं.” झालं. धरलं तर धरलं. मी भिर्रर्र केलं आणि दत्तोबा सुटले ते सुसाट, त्यांच्या मागं धुळीचा लोट. वळायची वेळ आली तेव्हा बुलेटला अर्धं वावर लागलं, आणि शेठ पांढऱ्या शर्टाची शिडं फुगवून, एक पाय मातीत घासत, लुना जागच्या जागी वळवून आतून घुसले आणि भोंगा वाजवला. वळणवाल्यांनी टोप्या उडवल्या. दुसऱ्या डावाला मात्र शेठना चेव आला. दत्तोबा मागं आले की हे आत वळले, पुन्हा आले की पुन्हा वळले, आणि तिसऱ्या वळणाला लुनात जीवच उरला नाही. चाक भुसभुशीत मातीत रुतलं. दत्तोबांनी घाई केलीच नाही. लांब बांधापर्यंत गेले, ऐसपैस वळले, आणि उभ्या लुनाच्या मागं येऊन शांतपणे भोंगा वाजवला.

हरल्यावर माणूस खट्टू होतो. शेठ मातीत उभे राहून हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “ह्येच, ह्येच मला कवापासनं सांगायचं व्हतं,” म्हणाले. मग बांधावर बसून त्यांनी जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे. म्हणाले, डोक्यावर पाण्याचा भरला हंडा घ्या आणि झटक्यात वळा. वळाल, पण पाणी सांडणार. वेगाचंही तसंच, वळताना तो सांडतो. मिराजचे पंख त्रिकोणी, रुंद. ते असं काही फटकन तोंड फिरवतं की बघत राहावं, पण त्यात पाणी लई सांडतं. एफ-सोळा झटका कमी देतं, पण गरागरा फिरत राहतं आणि हंडा भरलेलाच. मिगचं इंजिन दांडगं, शिवाय त्याच्या चालकाच्या टोपात अशी सोय, की सगळं विमान फिरवायची गरजच नाही, मान वळवली तरी नेम लागतो. आणि सुखोई तर मागचा झोत हवा तसा वळवतं, आकाशात नाक वर करून उभं राहतं, पण उभं राहिलं की पाणी खलास, आणि तेवढ्यात कुणी तिसरा आला तर...? “आपली लुना म्हंजी गरिबाची सुखोई,” दत्तोबा म्हणाले. त्या दिवसापासून त्या दोघांची बाकं एक झाली. भांडण चालूच राहिलं, फक्त शेजारी बसून.

लोहगावच्या हवाई तळावरून उडालेली विमानं अधूनमधून आमच्या डोक्यावरून जात. आवाज आला की शेठ अनवाणी गाळ्याबाहेर. लिलाव थांबे, बोली अर्धवट हवेत लटके, व्यापारी कुरकुरत, आणि शेठ हात कपाळाला लावून बोलत राहत, “बघा, बघा, आता वळंल...” विमान वळे किंवा न वळे. शेठ परत येऊन बसत आणि बोली जिथं लटकलेली असे तिथून पुढं सुरू होई.

मग सीमेवर युद्ध पेटलं तो उन्हाळा आला. गावोगाव देशभक्तीची लाट, आणि अशा वेळी शेठनी भर बाजारात सांगितलं, की एफ-सोळा हे विमान चांगलंच वळतं, त्याला कमी लेखू नका. एफ-सोळा पाकिस्तानचं. बाजार तापला. कुणी म्हणालं, शेठच्या गाळ्यावर माल घालू नका. दोन-तीन तरणी माणसं गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. “शेठ, शब्द मागं घ्या.” शेठ गोणीवरून उठले नाहीत. त्यांनी विचारलं, “शेजारच्या गावचा बैल तुमच्या बैलापेक्षा चांगला पळाला, तर तुमी काय करता? घड्याळ फोडता का आपला बैल तयार करता? मग? दुश्मनाचं इमान वाईट हाय असं आपल्या पोरांना सांगून वर धाडू? माझा शब्द ऱ्हाऊ द्या तिथंच.” चार दिवस त्यांच्या गाळ्यावर खरंच कमी माल आला. पाचव्या दिवशी दत्तोबा आपल्या कांद्याचा आख्खा ट्रॅक्टर घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “शेठ, ह्यो शेजारच्या गावचा बैल. घ्या मोजून.”

त्याच्या पुढच्या चातुर्मासात मंचरला मुक्कामी आलेल्या महाराजसाहेबांपर्यंत ही वार्ता गेली. समाजातल्या वडीलधाऱ्यांनीच नेली. श्रावकानं युद्धाची चर्चा करावी हे त्यांना बरं दिसत नव्हतं. शेठना बोलावणं आलं, मी बरोबर होतो. महाराजांनी विचारलं, “शेठजी, मारण्याच्या यंत्रात मन का रमतं?” शेठ हात जोडून म्हणाले, “महाराज, मारण्यात न्हाई रमत. मागं लागलेल्यापासून सुटतात कसं, त्यात रमतं.” महाराज थोडे हसले, पण सुटका झाली नाही. पच्चक्खाण घ्या म्हणाले, म्हणजे सोडल्याची शपथ. चार महिने विमानाचं नाव तोंडातून काढायचं नाही. शेठनी डोळे मिटून शपथ घेतली आणि ती अक्षरशः पाळली. अक्षरशः, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दुसऱ्या दिवसापासून गाळ्यावर पक्ष्यांची चर्चा सुरू झाली. मिराज झालं घार. एफ-सोळा ससाणा. आणि मिग झालं कोतवाल, तो काळा, दुभंगल्या शेपटीचा, जो आपल्या दसपट मोठ्या घारीच्या मागं लागून तिला गावाबाहेर काढतो. चार महिने मंचरचे हमालसुद्धा पक्षीतज्ज्ञ झाले होते. शपथ सुटली त्या सकाळी शेठ स्वतःच महाराजांकडे गेले आणि पक्ष्यांचं सगळं सांगून आले. काय म्हणाले महाराज, मी विचारलं. तर शेठ म्हणाले, “म्हनले, शेठजी, तुम्हाला बांधायचं तर आधी आभाळ बांधावं लागंल.”

सुनील तोवर इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागला होता. एका दिवाळीत बापाला म्हणाला, “बाबा, तुमची सगळी वळणं आता जुनी झाली. आता समोरचं विमान डोळ्यांना दिसायच्या आधीच लांबून क्षेपणास्त्र सोडतात. आणि ते तुमच्या विमानापेक्षा कितीतरी जोरात वळतं. काय करणार?” मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. कित्येक दिवस शेठ गाळ्यावर नुसते बसून राहत, कांदा हातात घेत आणि परत ठेवत. मग एकदा भर दुपारी मला एसटी स्टँडवर गाठलं, जुन्नरच्या गाडीत मी चढत होतो, आणि दंडाला धरून खाली ओढलं. “त्याचं जळण थोड्या येळात संपतं,” म्हणाले. मला कळेना कुणाचं. “क्षेपणास्त्राचं हो. मागं लागलं ना, त्याला वळवत ठेवायचं. दर वळणाला त्येचाबी हंडा सांडतो. आपलं न्हाई संपलं तवर, त्याचं संपतं.” माझी गाडी गेली. मी पुढच्या गाडीपर्यंत उभ्या उभ्या क्षेपणास्त्र ऐकलं.

हे ज्ञान त्यांना स्वतःलाच लागेल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? पुढच्याच थंडीत छातीत कळ आली. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी सुनीलला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय फार दमलंय, शस्त्रक्रिया झेपणार नाही, घरी न्या आणि फारशी आशा ठेवू नका. सुनील रडत होता. शेठना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मी आत गेलो तर उशीला टेकून म्हणाले, “शेपटीला लागलंय काहीतरी. लांबून सुटलेलं दिसतंय.” आणि तिथून त्यांनी जी वळणं घ्यायला सुरुवात केली, ती मी माइकवरसुद्धा सांगू शकणार नाही. मीठ सोडलं. एक डॉक्टर बदलून दुसरा, दुसरा सोडून तिसरा, तिसऱ्याचं औषध आणि पहिल्याचं पथ्य. पहाटे उठून बाजार समितीच्या आवाराला फेऱ्या मारायच्या, रोज उलट्या दिशेनं. दवाखान्यात भरती केलं की दोन दिवसांत घरी, घरचे काळजीत पडले की आपणहून दवाखान्यात. भाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या सगळ्यात त्यांच्याबरोबर. भाभी मुळात कमी बोलणाऱ्या. डोक्यावर पदर, हातात औषधाची वाटी. शेठ बिनमिठाच्या भाजीवरून कुरकुरले की एवढंच म्हणत, “डागदरला चकवा. मला चकवू नका.” ज्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं होतं, ते स्वतः निवृत्त झाले. शेठ गाळ्यावर बसून होते. वर्षामागून वर्षं. सुनीलचं लग्न, त्याच्या पोरांची बारशी, दत्तोबांची नातवंडं, सगळं बघत होते.

शेवटची भेट घरीच झाली. दुपार होती, खिडकीतून हायवेचे हॉर्न ऐकू येत होते. आवाज जवळजवळ गेला होता. मी जवळ बसलो तर त्यांनी दोन्ही हात पांघरुणावर काढले. डावा पुढं, उजवा त्याच्या मागं... उजवा हळूहळू जवळ येत होता. मी डोळे दुसरीकडे फिरवणार, तोच डाव्याचं मनगट वळलं. तो हात आत वळला आणि उजव्याच्या मागं जाऊन बसला. शेठनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. भाभी दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं होतं सगळं. त्या पाणी आणायला आत गेल्या.

तर अशा माणसाच्या गुणानुवाद सभेत मी विमानांचं काही न बोलण्याचा शब्द देऊन बसलो होतो. सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, समोर हार घातलेला फोटो. महाराजसाहेब एका बाजूला पाटावर बसले होते. सुनील पहिल्या रांगेत, अंग आखडून, जणू कुणीतरी काहीतरी बोलून जाईल म्हणून पहाऱ्यावर. वक्ते एकामागून एक उठत होते. फुलचंदशेठ धर्मपरायण होते. दानशूर होते. मितभाषी होते. मितभाषी म्हटल्यावर दत्तोबा माझ्या कानाला लागले, “राव, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो का काय?” मी त्यांना कोपरानं गप्प केलं. पुढचं नाव माझं होतं. मुलाला दिलेला शब्द एका खांद्यावर आणि तो माणूस दुसऱ्या खांद्यावर. विमानं सोडून बोललो असतो तर मीसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या तरी सभेत बोललो असतो. विमानांचं बोललो असतो तर पोराचा विश्वास गेला असता.

माझ्या आधी एक पुढारी उठले. तालुक्यातल्या प्रत्येक सभेत उठतात तेच. त्यांनी उपरणं सारखं केलं, फोटोला नमस्कार केला आणि आवाज भरून आणून म्हणाले, “फुलचंदशेठचं आयुष्य म्हणजे एक सरळ रेषा. ना कधी डावीकडे, ना कधी उजवीकडे. जन्मभर सरळ चालत राहिले, आणि सरळच आपल्यातून निघून गेले.”

सुनीलनं मान खाली घातली. दत्तोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि बायकांच्या बाजूनं, शेठ गेल्यापासून ज्यांचा एक हुंदकासुद्धा ऐकू आला नव्हता, त्या भाभींचा आवाज आला. पदर डोक्यावर तसाच होता, मान वर होती, आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्या म्हणाल्या,

“ह्ये सरळ गेलं असतं ना, तर कवाच गेलं असतं.”